पोटाखालून पट्टा

सिल्वासा,
६ ऑगस्ट २०२५

ती. स्व. वन्संना,
वर्षाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानातलं नवं यंत्रसुद्धा फोन लावला की शिट्ट्या मारतं, हे वाचून ह्यांना फार आनंद झाला. म्हणाले, ताईच्या कानांमुळे आपल्या घरी अजून पोस्टमन येतो. बहिणीचं दुखणं असं साजरं करणारा भाऊ तुम्हालाच लाभो.

जुईला पाचवा भरून सहावा लागला. मळमळ थांबली आहे. आता मुगाची खिचडी आणि लिंबाचं लोणचं एवढ्यावर सूनबाईंचं राज्य चाललंय. डॉक्टरीणबाई खूश आहेत. मी नाही, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

ती अजून स्वतः गाडी चालवत राखोलीच्या सूतगिरणीत कामावर जाते. पावसाने रस्त्यांची चाळण झाली आहे. तेही मी गिळलं असतं. पण गाडीत बसली की तिचं पहिलं काम म्हणजे तो सीटबेल्टचा पट्टा ओढून खटका लावायचा. बाल्कनीतून मला बघवत नाही. वन्सं, आपल्याकडे दिवस राहिलेल्या बाईला निऱ्यासुद्धा आवळून खोचू देत नाहीत. कौस्तुभच्या वेळी तुम्हीच मला सैल परकर शिवून पाठवले होते, आणि पोटावर दोरा आवळायचा नाही अशी ताकीद दिली होती.

दोन वर्षांपूर्वी चौथ्यात काय झालं ते तुम्ही जाणता. दवाखान्यातल्या खाटेवर ही पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाणी घे म्हटलं तरी वळली नाही. ते पुन्हा व्हायला नको, एवढंच माझं देवाकडे मागणं आहे. ते सोडून मला काही नको.

बोलायला गेलं तर कौस्तुभ बायकोच्या बाजूने, आणि तुमचे बंधू पेपरच्या मागे. तिच्याशी भांडताही येत नाही, कारण ती भांडतच नाही. गिरणीत सूत तुटेपर्यंत ताणून बघायचं तिचं काम. रोज तेच करून मुलीच्या स्वभावात एक शांतपणा आला आहे, मला तो कधीकधी झेपत नाही. माणूस म्हणून हिरा आहे, हेही लिहायला हवं.

तुम्ही सांगाल तसं करीन. आजवर तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही.

तुमची माया आहे तशीच राहो,
वर्षा


नाशिक,
१४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वर्षास,
अनेक उ. आ.

प्रमोदला सांग, ताई बहिरी असली तरी तिचा हात अजून लांब आहे.

पट्ट्याचं तू लिहिलंस ते वाचून माझाही जीव थोडा थोडा झाला. आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले, शेकडो पोटुशा बायकांचे कपडे बेतले. एकीच्याही पोटावर मी कधी घट्ट शिवण येऊ दिली नाही. मापाला जागा सोडावी लागते, मग ते माप ब्लाउजचं असो की पोटातल्या जिवाचं.

पण सून शिकलेली आहे, तिला पट्टा लावूच नको म्हटलंस तर ऐकणार नाही, आणि पोलिसही उभे असतात. तेव्हा साप मरावा आणि काठीही मोडू नये असं काहीतरी करायला हवं. आमच्या शेजारच्या रमाकांतच्या गाडीत मी एक युक्ती पाहिली आहे. खांद्याच्या मागून, गाडीच्या खांबातून तो पट्टा जिथे बाहेर येतो, तिथे कपडे वाळत घालायचा चिमटा लावून टाक. पट्टा मागे ओढला जायचा थांबतो आणि अंगावर सैल पडतो. बघणाऱ्याला पट्टा दिसेल, पोटाला लागणार नाही. तिला सांगत बसू नकोस. सांगितलंस की चर्चा होईल, आणि चर्चेत तू हरतेस.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठीशिवाय चालवत नाही. डोहाळजेवणाला माझं येणं होईलसं दिसत नाही. माझ्या वाटची ओटी तू भर.

सगळ्यांना माझी आठवण सांग. जुईच्या गालावरून हात फिरव.

तुझी,
मंजुषाताई


सिल्वासा,
२४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. वन्संना,
वर्षाचा सा. न. वि. वि.

गणपती तोंडावर आलेत आणि मी मोदकांची पिठी सोडून पत्र लिहायला बसले आहे. चिमट्याची हकिगत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे मी दोरीवरचे दोन निळे चिमटे घेऊन सकाळी खाली गेले आणि लावून आले. मनातल्या मनात खूप हुशार वाटलं. जुई आली, बसली, पट्टा ओढला, मान वळवून खांबाकडे पाहिलं. दोन्ही चिमटे काढले, पर्समध्ये टाकले आणि गेली. वर बाल्कनीकडे पाहून हातही केला.

संध्याकाळी आली ती मला घेऊनच खाली गेली. मला वाटलं आता बोलणार. तसं काही नाही. मला स्टिअरिंगपुढे बसवलं, पट्टा लावला, चिमटे परत तुम्ही सांगितलेल्या जागी लावले, आणि म्हणाली की आई, गाडी एकदम थांबली असं समजून झटक्याने पुढे वाका. मी वाकले. वन्सं, माझी छाती त्या स्टिअरिंगला टेकली. मग तिने चिमटे काढले आणि पुन्हा वाकायला सांगितलं. पट्ट्याने मला जागच्या जागी धरलं, पाठ सीटवरून जेमतेम सुटली. बाजूला उभी राहून तिने एवढंच सांगितलं की तुमची छाती पोचली, पण माझं पोट छातीच्या पुढे आहे.

वर आलो तर तिने चिमटे दोरीवर लावले आणि चहा टाकला. कौस्तुभला यातलं काही सांगितलं नाही, तिच्या सासऱ्यांनाही नाही. दुसरी असती तर माझी चांगली शोभा झाली असती. माझ्या चुकीवर तिने पांघरूण घातलं, वर आलं घालून चहा दिला. इतका मोठेपणा ह्या वयात माझ्याकडे नव्हता.

तरीही खरं सांगते, खांद्यावरच्या पट्ट्याचं मला पटलं, खालच्याचं नाही. मांडीवरून आडवा जातो तो पट्टा शेवटी पोटावरच येणार ना? तोच धक्का त्याच्यातून पोटाला बसला तर? रात्री कूस बदलताना तेच डोक्यात येतं. ती समजावते, मी मान हलवते, आणि दुसऱ्या दिवशी बाल्कनीत येऊन पुन्हा तेच बघते. आता तुम्हीच काय ते ठरवा. तिलाही मी तुम्हाला लिहायला सांगितलं आहे, ती तुम्हाला फार मानते.

गणपतीत तुमची उणीव भासेल. मोदक मोडले तर ते तुम्हाला पाठवले असं समजेन.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी,
वर्षा


सिल्वासा,
३० ऑगस्ट २०२५

ती. आत्यांना,
जुईचा शि. सा. नमस्कार.

आईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे, पण मनात कधीपासून होतं. चिमट्याची युक्ती तुमची, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. एवढी कल्पक चूक ह्या घरात फक्त तुम्हीच सुचवू शकता. रागावू नका.

आईंना वाटतं की मला भीती वाटत नाही. वाटते, आत्या. गाडीत बसले की रोज वाटते. गेल्या वेळी काय झालं याचं कारण कुणालाच सांगता आलं नाही, त्यामुळे मी जिना उतरतानाही भिते आणि शिंक आली तरी भिते. सगळ्यावर माझा ताबा नाही. पट्ट्यावर आहे. म्हणून मी तो हट्टाने लावते. एक हात पोटाखाली घालते, पोट जरा उचलते, बाळाला सांगते की सरक थोडं, आणि खालचा पट्टा तिथून नेते. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, दोन्ही छात्यांच्या मधून आणि पोटाच्या कडेने. डॉक्टरांनी असंच दाखवलं आहे, सैल ठेवू नका असंही सांगितलं आहे. सीट जमेल तेवढी मागे घेतली आहे, आणि पुढच्या आठवड्यापासून कौस्तुभच सोडायला येणार आहे. तेवढं मी आईंचं ऐकलं.

हे सगळं मी त्यांना सांगून पाहिलं. त्या ऐकतात, पण डोळ्यांत भीती तशीच. माझ्या गेल्या आजारपणात त्या पंधरवडाभर माझ्या खाटेशेजारी जमिनीवर झोपल्या होत्या. त्यांना मी घाबरवते आहे हे मला सहन होत नाही, आणि पट्टा सोडणंही मला जमणार नाही. तुम्ही बायकांची मापं घेण्यात जन्म घालवलात. पट्टा कुठे बसतो ते एकदा तुमच्या नजरेने बघाल का? तुम्ही चूक म्हणालात तर मी पुन्हा डॉक्टरांना विचारीन, शब्द देते.

गुडघ्याला शेक घ्यायला विसरू नका.

तुमची,
जुई


नाशिक,
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वर्षास,
अनेक उ. आ. हे पत्र जुईलाही वाचून दाखव, म्हणजे मला दोनदा लिहायला नको.

सुनेने मला कामाला लावलं. आधी मी स्वतःशीच पुटपुटले, की ह्या वयात आपण गाडीत बसून काय तपासायचं. मग तिचं पत्र पुन्हा वाचलं. शब्द देते म्हणणारं माणूस हल्ली भेटत नाही, तेव्हा उठले. एक उशी घेतली, साडीच्या आत पोटावर बांधली, वरून नीट निऱ्या काढल्या आणि रमाकांतच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याच्या बायकोच्या हातातलं ताट पडलं. ते एक असो.

रमाकांतने मला गाडीत बसवलं. त्याचा तो चिमटा मी आधी काढून नालीत फेकला. मग पट्टा लावला, टेप हातात घेतली आणि बघितलं. आधी पट्टा उशीवरून गेला, तसा तुला जातोसं वाटतं. मग जुईने लिहिलं तसा उशी उचलून खालून घेतला. आणि वर्षा, मला एकदम ती जागा ओळखू आली. ती नाडीची जागा आहे.

दिवस भरत आलेली बाई परकराची नाडी कुठे बांधते? पोटावर नाही, पोटाखाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवर. तिथे ती घट्टच बांधावी लागते, नाहीतर परकर उतरतो, आणि पोटाला त्याचा काच होत नाही कारण भार सगळा हाडांवर. कौस्तुभच्या वेळी मी तुला जे परकर शिवले ते पोटावर सैल होते, पण नाडी तूही खाली आणि घट्ट बांधत होतीस. हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं, आपल्या आया करत होत्या म्हणून आपण केलं. पोटावर आवळू नये हे शंभर टक्के खरं आहे. जुई तेच तर करते आहे. आपण दोघींनी नियम नीट पाळला आणि जागा चुकलो. मीही चुकले, हे लिहून देते, प्रमोदला दाखवलंस तर बघ.

आता माझा हुकूम ऐक. पट्ट्याच्या आड उशी, दुलई, पदराचा बोळा काही म्हणजे काही घालायचं नाही. कापड जितकं जाड तितका पट्टा वर सरकतो, हे मी उशीवर करून पाहिलं आहे. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही पट्टे असतात. तू लावतेस का? मला उत्तर ठाऊक आहे.

जुई, पोरी, तुझं पत्र मी कपाटात साडीच्या घडीत ठेवलं आहे. भीती वाटत असून नीट वागणारी माणसं मी थोडी पाहिली, त्यात तू आलीस.

दोघींना जवळ घेऊन,
मंजुषाताई


सिल्वासा,
३० सप्टेंबर २०२५

ती. आत्यांना,
जुईचा शि. सा. नमस्कार.

कौस्तुभने रमाकांतकाकांना फोन करून निरोप दिलाच असेल. तरी पहिलं वाक्य हेच लिहिते, की मी बरी आहे आणि बाळ बरं आहे. काल दवाखान्यातून घरी आले. आता जे झालं ते सुरुवातीपासून लिहिते, कारण त्यातला महत्त्वाचा भाग कौस्तुभला फोनवर सांगता येणार नाही.

रविवारी अथालला माझ्या गौरीमावशीकडे माझं डोहाळजेवण झालं. मावशीने अंगणात झोपाळा बांधला होता, मला फुलांचे दागिने घातले, आणि पेढा-बर्फीच्या वाट्यांपुढे माझी परीक्षा घेतली. मी वाटी उघडली ती बर्फीची निघाली. मग सगळ्यांनी ओटी भरली, तुमच्या वाटची आईंनी. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि चांगला मोठा नारळ. मावशीने सगळं माझ्या पदरात बांधून पदर कमरेला खोचला, आणि बजावलं की भरलेली ओटी वाटेत उतरवायची नाही, घरी जाऊन देवापुढेच सोडायची.

तिन्हीसांजेच्या आत निघायचं म्हणून कौस्तुभ गाडी घेऊन आला. मी पुढे बसले, पट्टा ओढला, आणि पंचाईत माझ्या लक्षात आली. नारळ बरोबर पोटाखाली, पट्ट्याच्या जागी. पट्टा नारळावरून घ्यावा तर तो नारळ पोटात रुतणार. नारळाच्या वरच्या बाजूने, पोटावर घ्यावा तर सगळंच फुकट. आजूबाजूला वीसेक बायका. मावशी म्हणाली की एवढ्याशा अंतराला पट्टा कशाला, पूल ओलांडला की घर. कुणी म्हणालं आजच्या दिवस राहू दे, ओटीपेक्षा का पट्टा मोठा? मला रडू यायला लागलं. इतक्या मायेने भरलेली ओटी मी काढून ठेवली असती तर मावशीच्या मनाला कायमची रुखरुख लागली असती, आणि पुढे काही वाईट झालं असतं तर ते माझ्या कपाळी आलं असतं. मी आईंकडे पाहिलं. आत्या, मला वाटलं त्याही तेच म्हणतील.

आई पुढे आल्या. डॅशबोर्डवर आपला छोटा गणपती आहे ना, त्याच्याकडे बघून त्यांनी हात जोडले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की ओटी देवापुढेच सोडायची ना, तर देव गाडीतच बसले आहेत. माझ्या कमरेचा पदर त्यांनी स्वतः सोडला, ओटी खणात बांधली, गणपतीच्या पायाला लावली आणि त्याच्या खालच्या कप्प्यात ठेवून कप्पा बंद केला. माझ्या पोटाखाली हात घालून पट्टा त्यांनीच खाली सरकवला, आणि नाडीची जागा हीच ना, असं हळूच विचारलं. गौरीमावशीला त्या म्हणाल्या की ओटीत काही कमी पडलं असेल तर दोष माझ्या माथी. मावशीने डोळे पुसले आणि दार लावलं.

मग आई माझ्या मागच्या सीटवर बसल्या. मी म्हटलं, तुम्ही माझ्या मागे आहात, तुम्ही बांधून घेतलं नाहीत तर मी बांधून उपयोग काय? गाडी थांबली तर तुम्ही माझ्यावरच याल. हे त्यांना नवीन होतं. त्यांनी तुमच्या नावाने काहीतरी पुटपुटत पट्टा लावला.

पुलाच्या अलीकडे एका गल्लीतून टेम्पो न बघता रस्त्यावर आला. कौस्तुभने जीव खाऊन ब्रेक मारला, तरी आम्ही त्याच्यावर आदळलो. गाडीचं नाक गेलं. एअरबॅगचा फुगा फुटला, धूर, काचा, माणसं धावली. मला आठवतं ते एवढंच, की पट्ट्याने मला मागे धरून ठेवलं होतं, आणि माझे दोन्ही हात पोटावर होते.

दवाखान्यात ठोके ऐकायचं यंत्र लावेपर्यंत कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही. ठोके सुरू झाले तेव्हा आई ते बोटांवर मोजत बसल्या. डॉक्टरांनी मला रात्रभर नजरेखाली ठेवलं. खांद्यावरून एक लाल वळ आहे, आणि खाली दोन्ही हाडांवर एक. मधे पोट अगदी कोरं. डॉक्टर म्हणाल्या की पट्टा चार बोटं जरी वर असता तर त्यांना वेगळं बोलावं लागलं असतं. मी त्यांना सांगितलं, तो माझ्या सासूबाईंनी बसवला होता.

आई या सगळ्याचं काही लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिलं. कप्प्यातला नारळ जागच्या जागी होता. काल घरी येऊन आम्ही तो फोडला.

आशीर्वाद असू द्या, आता दोघींना लागतील, मला आणि त्यांना.
तुमची,
जुई


नाशिक,
७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. वर्षास,
अनेक उ. आ.

जुईचं पत्र वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून वाचते. रमाकांत दोनदा विचारून गेला, काकू रडता का. मी म्हटलं, यंत्र शिट्ट्या मारतं.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तुला भित्री म्हटलं होतं. बरीच वर्षं तसंच समजत आले. नियम सांगणं सोपं असतं, वर्षा, मी जन्मभर तेच केलं. वीस बायकांपुढे उभं राहून, कुणाचंही मन न मोडता, नियमातूनच वाट काढणं मला सुचलं नसतं. मी तिथे असते तर गौरीशी भांडण करून मोकळी झाले असते. गाडीतल्या गणपतीपुढे ओटी सोडणारी बाई आमच्या घराण्यात आली, याचा मला अभिमान वाटतो. आईबाबा असते तर त्यांनीही तुझी पाठ थोपटली असती.

आता एक मागणं आहे. बारशापर्यंत माझा गुडघा चालता होईल. बाळाला सप्तशृंगीच्या पायावर घालायला आपण सगळे मिळून जाऊ, आणि त्या वाटेवर बाळ माझ्या मांडीवर असेल. कौस्तुभला मी असंच वणीला नेलं होतं, आठवतं? आपल्याकडे नवं मूल घरी येतं ते आजीच्या मांडीवरून, आणि देवीला जातं ते घरातल्या आत्याच्या. तुझा मान तुला, माझा मला.

जपून राहा. जुईच्या वळांना आंबेहळद लाव.

तुझ्यावर जीव असलेली,
मंजुषाताई


सिल्वासा,
१२ डिसेंबर २०२५

ती. स्व. वन्संना,
वर्षाचा सा. न. वि. वि.

मुलगी झाली, हे तुम्हाला कळलंच आहे. रंग जुईचा, नाक तुमचं. ह्यांनी नाक बघून म्हटलं, आता हिचंही ऐकावं लागणार. बाळंतीण सुखरूप आहे, भूक चांगली लागते.

परवा त्यांना घरी आणलं. त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

जुईने आधीच बाळासाठी एक पाळण्यासारखी खुर्ची आणून मागच्या सीटवर पक्की बसवून घेतली होती. तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, आणि बाळाला तिचे स्वतःचे इवले पट्टे. आपल्याकडचा मान तिला ठाऊक नव्हता असं नाही, तुमचं पत्र तिनेच मला वाचून दाखवलं होतं.

दवाखान्याच्या दारात नर्सने बाळ माझ्या हातात दिलं. दुपट्यात गुंडाळलेला तो ऊबदार जीव. दोन वर्षं मी ह्या क्षणासाठी नवस बोलत होते. कौस्तुभलाही भरून आलं, तो म्हणाला की आई, दहा मिनिटांचा रस्ता आहे, मी बैलगाडीसारखी चालवतो, घे मांडीवर. जुईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला कळलं, की ती मला अडवणार नाही. माझ्या हौसेच्या आड येणं तिच्या जिवावर आलं होतं. आता सगळं माझ्यावर होतं.

वन्सं, त्या रविवारची एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, जुईलाही नाही. अथालहून निघताना गौरीताईंनी अनारशांचा डबा दिला होता, तो माझ्या मांडीवर होता. अनारसे मोडायला नकोत म्हणून मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते. गाडी आदळली तेव्हा पट्ट्याने मला धरलं. डबा मला धरता आला नाही. माझी बोटं तशीच आवळलेली होती आणि डबा पुढच्या दोन सीटांच्या मधून जाऊन काचेवर फुटला होता. तो केव्हा सुटला ते मला कळलंसुद्धा नाही. त्यानंतर कित्येक रात्री मी माझे हात बघत बसत होते.

तोच विचार मला त्या दारात आला. मी बाळाचा वास घेतला, आणि तिला तिच्या खुर्चीत ठेवलं. जुईने पट्टे सरळ केले, खाली दुपट्याचा बोळा राहिला होता तो काढला, आणि शेवटचा खटका मी लावला. मग शेजारी बसले, स्वतःचा पट्टा लावला. खरं सांगते, मला रडू आलं. मांडी एवढी रिकामी मला कधी वाटली नव्हती. एक बोट मात्र मी तिच्या मुठीत दिलं, ते तिने घरापर्यंत सोडलं नाही.

दारात ह्यांनी भाकरतुकडा ओवाळला. उंबरठ्यावरून मी तिला आत आणलं आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी खाली ठेवलं नाही. जुई वाकून नमस्कार करायला लागली, मी तिला अर्ध्यातच धरलं. असल्या मुलीने माझ्या पाया पडावं हे मला पटत नाही.

बारशाला तुम्ही यायचंच. नातीला घरात हवं तितकं मांडीवर घ्या, मी स्वयंपाकघरातून डोकावणारसुद्धा नाही. सप्तशृंगीलाही जाऊ. पण गाडीत ती तिच्या खुर्चीत बसेल, तुम्ही तिच्या शेजारी, पट्टा लावून. तिथे मांडीवर मागू नका, मी देणार नाही. तुम्हाला कशालाही नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ आहे, आणि तुम्हीच मला त्याबद्दल शाबासकी द्याल अशी खात्री आहे.

पिढ्यापिढ्यांचा तुमचा लोभ आता ह्या चिमुरडीच्याही वाट्याला येवो, ही विनंती.

तुमची,
वर्षा